सोसायटीतील रबरी गतिरोधक: वापरानंतरचा अभिप्राय

आमच्या सोसायटीतील मुख्य रस्ता फाटकापासून शेवटच्या इमारतीपर्यंत सरळ आणि थोडा उताराचा आहे. सायंकाळी मुले खेळायला उतरतात, त्याच वेळी पार्सल घेऊन येणाऱ्या दुचाकी आणि कामावरून परतणाऱ्या रहिवाशांच्या मोटारी भरधाव येत असत. ‘वाहने सावकाश चालवा’ या फलकाने काहीही साधले नाही, म्हणून सर्वसाधारण सभेत ठराव करून आम्ही काळ्या-पिवळ्या रबरी गतिरोधकांचे संच विकत घेतले. त्यानंतर एक पावसाळा उलटला आहे आणि विक्रेत्याने न सांगितलेल्या अनेक गोष्टी लक्षात आल्या आहेत, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

हे गतिरोधक सुट्या तुकड्यांत येतात. एक तुकडा सुमारे अर्धा मीटर लांब आणि 35 सेंटिमीटर रुंद असतो, तर दोन्ही टोकांना गोलसर तुकडे बसवावे लागतात. उंची 5 आणि 7.5 सेंटिमीटर अशा दोन मापांत मिळते. आम्ही 5 सेंटिमीटरची घेतली आणि तो निर्णय योग्य ठरला, कारण माणसांनी भरलेली लहान मोटार उंच गतिरोधकावर खालून घासते आणि पाठीचे दुखणे असलेल्या ज्येष्ठांना रिक्षातून जाताना बसणारा हादरा असह्य होतो.

गतिरोधक टिकेल की नाही, हे रबरापेक्षा त्याच्या बसवणुकीवर अवलंबून आहे. काँक्रीटच्या भागात ड्रिलने छिद्रे पाडून बसवलेले बोल्ट आजही घट्ट आहेत. डांबरी भागात मात्र पहिल्या मोठ्या पावसानंतर बोल्ट सैल झाले, एक तुकडा कडेने उचलला गेला आणि बोल्टचे डोके वर आले. त्यावरून घसरून दुचाकीस्वार पडण्याचा धोका होता, तरीही विक्रेत्याने दुरुस्तीसाठी माणूस पाठवला नाही. अखेर आम्हीच तो तुकडा काढून त्या जागी काँक्रीटची पट्टी ओतून घेतली. खरेदीपूर्वी पावसाळ्यानंतरच्या एका मोफत फेरीची हमी लेखी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी अडचण कडेच्या मोकळ्या जागेची. पाणी वाहून जाण्यासाठी गटाराकडे थोडी फट ठेवावीच लागते आणि दुचाकीस्वार नेमके तिथूनच, म्हणजे मुले जिथून चालतात त्या कडेने, वेग कमी न करता निघून जातात. तिथे सिमेंटच्या जड कुंड्या ठेवल्यावर हा प्रकार थांबला.

या वस्तूची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या आयआरसी 99 या मार्गदर्शक तत्त्वांच्या 1988 च्या आवृत्तीत ताशी 25 किलोमीटर वेगासाठी सांगितलेला गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच असला तरी तब्बल 3.7 मीटर रुंद होता, म्हणून वाहन अशा गतिरोधकावरून अलगद चढते व उतरते. अरुंद रबरी पट्टी केवळ धक्का देते आणि वेगात जाणाऱ्या मोटारीला तो धक्का कधीकधी कमीच जाणवतो. त्यामुळे फाटक, वळण आणि वाहनतळाचे तोंड इथे ती उपयुक्त आहे, परंतु लांब सरळ रस्त्यावर एकच पट्टी बसवली तर चालक ती ओलांडताच पुन्हा वेग घेतात.

आम्ही हे स्वतः मोजून पाहिले. रस्त्यावर 50 मीटर अंतराने खडूच्या दोन रेषा आखल्या आणि काही रहिवासी मोबाइलवरील घड्याळ घेऊन कट्ट्यावर बसले. हे अंतर 6 सेकंदांत पार करणारे वाहन ताशी 30 किलोमीटर वेगाने जात असते आणि 9 सेकंद लागले तर वेग 20 असतो. या नोंदींमुळेच पट्ट्या कुठे आणि किती अंतराने हव्यात हे ठरले, तसेच नोंदवहीत आपल्याच गाडीचा क्रमांक पाहून अनेक रहिवाशांनी वाद न घालता वेग कमी केला. हा परिणाम कोणत्याही रबरी तुकड्याच्या परिणामापेक्षा मोठा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

फाटकाबाहेरील सार्वजनिक रस्त्यावर मात्र हे संच स्वतःहून बसवू नयेत. तिथे महापालिकेचा पथ विभाग आणि वाहतूक पोलीस यांच्याकडेच अर्ज करावा लागतो. पादचारी आणि वाहने एकत्र असतील तिथे ताशी 30 किलोमीटरची कमाल मर्यादा असावी, असे रस्ता सुरक्षेवरील फेब्रुवारी 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे. आमच्या अर्जात आम्ही त्याचा उल्लेख केला आणि सोबत वेगाच्या नोंदी व रहिवाशांच्या सह्याही जोडल्या. अर्ज अद्याप प्रलंबित आहे आणि त्याचा पाठपुरावा सुरू आहे.

आतील रस्त्यांसाठी या वस्तूला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. डांबरी रस्ता असलेल्या सोसायट्यांनी बसवणुकीचा खर्च आधीच हिशेबात धरावा आणि रात्री पट्टी दिसावी म्हणून चकाकणारे तुकडे जोडलेलाच संच घ्यावा.