काळ-काम-वेग: सूत्र पाठ करावं की क्ष मानावा?

भरतीची तयारी करणाऱ्यांत या एका घटकावरून दोन तट पडतात. एक तट सूत्रवाल्यांचा: प्रश्नाचा प्रकार ओळखा, आकडे टाका, गोल काळा करा. दुसरा 'क्ष मानू'वाल्यांचा. नाशिकच्या अभ्यासिकांमध्ये पहिल्यांची संख्या जास्त दिसते आणि त्याला कारणही आहे. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत 100 प्रश्नांना 90 मिनिटं मिळतात. प्रत्येक गणिताला समीकरण मांडत बसलं तर मराठी व्याकरण आणि सामान्यज्ञान कधी सोडवायचं? मी दोन्ही तटांत राहून पाहिलंय. सध्या कुठे आहे ते वाचता वाचता कळेलच.

सूत्रांचं श्रेय आधी देऊन टाकतो. ताशी किमीचे मीटर प्रतिसेकंद करायचे तर 5/18 ने गुणा, यात समीकरणाचं काही कामच नाही. गाडीने खांब किंवा प्लॅटफॉर्म ओलांडण्याची गणितंही तशीच, लांबी धरायला विसरला नाहीत तर सुटलीच. जाताना ताशी 60, येताना 40, सरासरी वेग किती? 2 × 60 × 40 भागिले 100, म्हणजे 48. दहा सेकंदांचं काम. फक्त दोन्ही वेळचं अंतर सारखं हवं. तेवढाच वेळ 60 ने आणि तेवढाच वेळ 40 ने गेला असं म्हटलं असेल, तर उत्तर साधं 50. ही अट कोणी पाठ करत नाही, सूत्र मात्र झोपेतही म्हणतात.

माझं मन सूत्रांवरून उडालं ते याच अटींपायी. एक नेहमीचं गणित घ्या. ताशी 40 ने गेलं तर 15 मिनिटं उशीर होतो, 60 ने गेलं तर 5 मिनिटं लवकर पोचतो, अंतर किती? सूत्र सांगतं: वेगांचा गुणाकार भागिले वेगांतला फरक, गुणिले वेळेतला फरक. 2400 भागिले 20 म्हणजे 120, त्याला 20 मिनिटांच्या 1/3 तासाने गुणलं की 40 किमी. छान. (दोन्ही वेळा उशीरच होत असेल तर मिनिटांची बेरीज करायची की वजाबाकी, यावरून चहाच्या टपरीवर वाद होतात, ते सोडा.)

आता तेच गणित थोडं वाकवू. तो अर्धा तास ताशी 40 ने गेला. मग त्याच्या लक्षात आलं की याच वेगाने गेलो तर 15 मिनिटं उशीर होईल. म्हणून उरलेलं अंतर 60 ने कापलं आणि 5 मिनिटं आधी पोचला. एकूण अंतर किती? सूत्रवाला आकडे बघतो, ओळखीचे वाटतात, पुन्हा 40 काढतो. आणि 40 पर्यायांत बसलेलंच असतं! पेपर काढणाऱ्यालाही ते सूत्र पाठ असतं ना. सूत्राने काढलेलं 40 हे उरलेलं अंतर आहे, आधीचे 20 धरून खरं उत्तर 60. चुकल्याची चाहूलसुद्धा लागत नाही, हा मला सगळ्यात मोठा त्रास वाटतो. गणित अडलं तर निदान सोडून पुढे जाता येतं. राज्यसेवा पूर्वपरीक्षेसारखे चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात असतील तर हे अजूनच झोंबतं.

हेच समीकरणाने करू. ठरलेला वेळ क्ष तास. 40 ने जाताना क्ष + 1/4 तास लागले असते, तेव्हा अंतर 40(क्ष + 1/4). प्रत्यक्षात काय झालं? आधी 20 किमी, मग 60 ने क्ष − 1/12 − 1/2 तास. दोन्ही अंतरं एकच. 40क्ष + 10 = 60क्ष − 15, म्हणजे क्ष सव्वा तास आणि अंतर 60. इथे युक्ती काहीच नाही. प्रश्नातलं वाक्य वाचायचं आणि तसंच उतरवायचं. वाक्य बदललं की समीकरण आपोआप बदलतं.

क्ष कशाला मानायचा, यावरही मतं आहेत. बरेच जण विचारलेली गोष्टच क्ष धरतात, बहुधा अंतर. चूक नाही, पण मग क्ष/40, क्ष/60 असे अपूर्णांक येतात आणि लसावि काढावा लागतो. मी शक्यतो वेळ क्ष धरतो. नाशिकहून पुणे रस्त्याने एक टेम्पो 8 वाजता ताशी 30 ने निघाला, मागून 8:20 ला मोटारसायकल 45 ने, गाठ कधी? 30क्ष = 45(क्ष − 1/3). क्ष 1 तास, म्हणजे 9 वाजता, 30 किमीवर, साधारण सिन्नरच्या आसपास. मिनिटांचे तास मात्र आधीच करून घ्या. 20 मिनिटं 0.20 लिहिणारे मी पाहिलेत.

वेग क्ष धरला की प्रकरण वर्गसमीकरणावर जातं. 300 किमीच्या प्रवासात वेग ताशी 10 ने वाढवला तर 1 तास वाचतो, मूळ वेग किती? क्ष² + 10क्ष − 3000 = 0, उत्तर 50, उणे 60 सोडून द्यायचं. दहावीच्या पेपरात हे असंच लिहा, पायऱ्यांना गुण असतात. पर्यायी प्रश्नात मात्र मी स्वतः समीकरणाच्या वाटेला जात नाही. 50 टाकून बघतो: 6 तास, 60 ने 5 तास, जमलं.

परीक्षा पुढच्या आठवड्यात असेल तर आहे ती सूत्रंच घट्ट करा, आत्ता पद्धत बदलू नका. दोन-तीन महिने हातात असतील तर मी म्हणेन, 5/18 आणि गाड्यांची सूत्रं ठेवा आणि बाकीची वही बाजूला सारून रोज थोडी गणितं क्ष मानून सोडवा. सुरुवातीला वेळ जास्त लागतो, निदान मला लागला. नंतर समीकरणाची पहिली ओळ लिहायच्या आतच पुढचं दिसायला लागतं.