तळणीच्या तेलाचं बायोडिझेल: ५ एचपी इंजिनाचा मार्च ते डिसेंबरचा अनुभव

एक सिलिंडर, पाण्यावर थंड होणारं ५ एचपी इंजिन, संत्र्याच्या बागेतल्या पंपावर. तेल नागपुरातल्या समोसा-कचोरीच्या दुकानांतलं. पहिले दोन महिने डिझेलमध्ये २० टक्के, नंतर निव्वळ बायोडिझेल. पूर्ण लोडवर ताशी १.१ लिटर डिझेल लागायचं, आता १.२ लागतं. धूर स्पष्ट कमी झाला. कॉमन रेल (उच्च दाबानं इंधन फवारणारी यंत्रणा) आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत मात्र हे अजिबात घालू नये. न जळलेलं इंधन इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि तिथून उडून जात नाही.

सुरुवातीला फिल्टर भराभर तुंबतो. बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवतं, म्हणून दोन फिल्टर जवळ ठेवावेत. रबरी पाइप फुगून मऊ पडतात. व्हिटॉन या इंधनाला टिकणाऱ्या रबराचे आधीच बसवून घ्यावेत.

इंजिन बिघडवतं ते कच्चं इंधन. तेल गाळून, तापवून त्यातलं पाणी पूर्ण काढायचं. पळीभर तेल गरम केल्यावर तडतडलं तर पाणी आहे, आणि पाणी राहिलं तर इंधनाऐवजी साबण होतो. मग टायट्रेशन, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणानं तेलातलं आम्ल मोजणं: द्रावणाचे जितके मिली लागतील त्यात ३.५ मिळवा, तेलाच्या लिटरमागे तितके ग्रॅम कॉस्टिक सोडा. तो मिथेनॉलमध्ये विरघळवून तेलात मिसळायचा. मिथेनॉल तेलाच्या २० टक्के, तापमान ५५ अंश. मिथेनॉल ६५ अंशांखालीच उकळतं, त्याची वाफ विषारी आणि ज्वालाग्राही. काम उघड्यावर, विस्तवापासून लांब. रात्रभरात ग्लिसरीन तळाशी बसतं. ते काढून वरचं बायोडिझेल पाण्यानं धुवायचं, मग पुन्हा कोरडं करायचं.

प्रत्येक घाण्याची परीक्षा घ्याच: २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल हलवा. सगळं विरघळलं तर ठीक. तळाशी तेलाचा थेंब बसला तर घाणा पुन्हा करा, नाहीतर इंधन फवारणाऱ्या नोझलवर कोळसा धरतो. पण मे महिन्यात हीच परीक्षा फसवते, कारण गरम मिथेनॉल कच्चं तेलही विरघळवतं. दोन्ही बाटल्या आधी बर्फाच्या पाण्यात २० अंशांवर आणा.

डिसेंबरची अडचण वेगळी. फरसाणवाल्यांकडचं तेल बहुधा पामचं. त्याचं बायोडिझेल १५ अंशांच्या आसपासच गढूळ होतं आणि पहाटे फिल्टरवर पांढरी साय धरतं. सोयाबीनच्या तेलाचं बरंच खाली टिकतं, म्हणून हे दोन साठे उन्हाळ्यापासून वेगळे ठेवणं उत्तम. पामचंच असेल तर थंडीत निम्मं डिझेल मिसळा आणि इंजिन बंद करण्याआधी शेवटची पंधरा मिनिटं साध्या डिझेलवर चालवा. रात्रभर इंधन पंपात आणि नोझलमध्ये डिझेलच राहतं, सकाळी हँडल मारताच चालू होतं.