अ‍ॅक्सल ‘रुंद केला’ म्हणे! जुन्या थारवाल्यांनो, टेप घेऊनच गॅरेजात जा

महिंद्राच्या २०१०च्या थार सीआरडीई जीपला पुढे टॉर्शन बारचं (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळईचं) स्वतंत्र सस्पेन्शन येतं. रस्त्यावर छान, पण दगडधोंड्यांत एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरं हवेत. म्हणून बरेच जण ते काढून जुन्या जीपचा सलग, दोन्ही चाकं जोडणारा अ‍ॅक्सल आणि पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसवून घेतात. मीही पुण्याजवळच्या एका गॅरेजात हे काम दिलं. नाव लिहीत नाही, प्रकरण तक्रारीत आहे.

महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० जीपचा अ‍ॅक्सल थारपेक्षा अरुंद असतो. त्यामुळे सौदा असा ठरला: नळ्या कापून अ‍ॅक्सल एकूण १०० मिमी रुंद करायचा, आतले शाफ्ट त्या मापाचे नवे घालायचे. त्याचे पंचेचाळीस हजार वेगळे. गाडी ताब्यात देताना मालकाने स्वतः टेप काढली आणि पुढच्या टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून दाखवलं. “बघा साहेब, ठरलं होतं तेवढं बरोबर.” माप खरंच बरोबर होतं. खोट कुठे होती ते पुढे येईलच.

पहिल्याच दिवशी पार्किंगमध्ये स्टेअरिंग पूर्ण वळवलं आणि टायर मडगार्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्याला घासला. टायर ३१ बाय १०.५ आर १५, म्हणजे व्यास साधारण ७८७ मिमी. कंपनीचा २३५/७० आर १६ जेमतेम ७३५ भरतो. थोडंफार घासणार हे मला माहीत होतं, पण हा तर पत्रा सोलत होता. गॅरेजवाला म्हणाला, “लिफ्ट, म्हणजे गाडीची उंची, कमी पडतेय.” पैसे घेऊन त्याने अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळे घातले, लांब यू-बोल्ट लावले. घासणं सुरूच. मग म्हणाला, मडगार्ड कापू. तेही कापलं, त्याचेही पैसे. आता गाडी ब्रेक मारला की एका बाजूला ओढायला लागली आणि साठच्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागलं. त्यावर उत्तर तयार: “अलाइनमेंट करून घ्या, बाहेरून.”

शेवटी साताऱ्याकडच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. जन्म जीपखाली गेलेला माणूस. त्यांनी आधी काही उघडलंच नाही. टायरच्या बाजूला खडू फासला, मला स्टेअरिंग दोन्हीकडे टोकाला वळवायला सांगितलं आणि खडू कुठे पुसला ते बघितलं. मग पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या टोकांवरून ओळंबे सोडून फरशीवर खुणा केल्या. डाव्या बाजूचं पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर उजव्यापेक्षा १८ मिमी कमी निघालं. म्हणजे पाटे गाडीच्या सांगाड्याला अडकवणारे हँगर वेल्डिंग करतानाच तिरके बसवलेले आणि अ‍ॅक्सल एका बाजूने मागे सरकलेला. मडगार्डची मागची कड डावीकडेच का जास्त सोलली, ते इथे कळलं.

मग चाक काढलं आणि मिस्त्री हसले. ब्रेकच्या ड्रमवर नटांची आणखी एक रांग, खाली ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा ५० मिमी जाडीचा स्पेसर, म्हणजे चाक बाहेर ढकलणारी चकती. ड्रमसारखाच काळा रंग मारलेला, पटकन दिसू नये म्हणून. एका नटाभोवती राखाडी भुकटी जमलेली, म्हणजे तो ढिला होऊन घासत होता. दुसऱ्या बाजूलाही तेच. पन्नास आणि पन्नास शंभर! अ‍ॅक्सलच्या नळीवर ना काप, ना वेल्डिंगचा जोड. रुंदी वाढवण्याचे पंचेचाळीस हजार हे असे गेले.

यातली मेख अशी की स्पेसरने चाक बाहेर जातं, पण वळण्याचा बिंदू नकलवर (चाक वळवणाऱ्या सांध्यावर) जिथे होता तिथेच राहतो. त्यामुळे टायर मोठा घेर घेत फिरतो आणि मागच्या कोपऱ्याला जाऊन लागतो. नळी खरोखर वाढवली असती तर तो बिंदूही बाहेर सरकला असता. आणि स्पेसर काढले की टायरची आतली बाजू पाट्याला लागणार. तिथे लिफ्टचा शून्य उपयोग, कारण पाटा अ‍ॅक्सललाच बांधलेला असतो; गाडी कितीही उचला, टायर आणि पाट्यातलं अंतर तेवढंच. पुढच्या अ‍ॅक्सलवर ठोकळे तर घालूच नयेत. ब्रेक लागला की अ‍ॅक्सल पाट्यावर पिळला जातो आणि ठोकळ्याच्या उंचीने तो पीळ वाढतो. ओढणं आणि थरथर त्यातूनच होती, असं मिस्त्रींचं म्हणणं. ठोकळे निघाले तशी दोन्ही बरीच कमी झाली.

त्यांनी हँगर सरळ केले, बैठकीवर मधल्या बोल्टचं भोक नव्याने पाडून अ‍ॅक्सल जरा पुढे घेतला, हबवर घट्ट बसणारे २५ मिमीचे चांगले स्पेसर लावले आणि नकलवरचे, चाक किती वळेल ते रोखणारे स्टॉप बोल्ट परत बसवले. हो, परत, आधीच्याने ते कापूनच टाकले होते, स्टेअरिंग ‘जास्त वळतं’ म्हणून दाखवायला. चाक फार वर येऊ न देणारे बम्प स्टॉपही उंच केले. गाडी आता वळायला जास्त जागा घेते, पण घासत नाही.

आता कागदांचं. “आरटीओ पासिंग आमच्याकडे लागलं” म्हणून पहिल्या गॅरेजवाल्याने वेगळी रक्कम घेतली आणि एका लेथवाल्याच्या लेटरहेडवरचा शिक्का दिला. आरटीओत त्याला काडीची किंमत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल करू देत नाही, २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं आहे, आणि कलम १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, दोन्हीही. पासिंग करून देतो म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे विचारा, कुठल्या आदेशाखाली? माझी गाडी आता फक्त खासगी जमिनीवर चालते, तिथवर ट्रेलरवरून नेतो.

काम देणार असाल तर चाकं चढवण्याआधी हबच्या तोंडापासून तोंडापर्यंत माप घ्या, टायरवरून नाही. मापं बिलावर लिहून घ्या. काढलेले मूळ भाग त्याच दिवशी घरी आणा. माझे टॉर्शन बार, आर्म आणि पुढचा डिफरन्शियल ‘भंगारात गेले’ असं तो सांगतो. गाडी परत मूळ रूपात आणायची तर तेच लागणार आहेत. जिल्हा ग्राहक आयोगात कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मी ऑनलाइन तक्रार टाकली आहे, त्यात रंगवलेल्या स्पेसरचे फोटो जोडलेत आणि त्या भागांची किंमतही मागितली आहे.