गोळ्या सोडून तापमान-स्राव पद्धत : वर्षभराच्या वापरानंतर

मला मायग्रेन आहे, आणि तोही डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर वेड्यावाकड्या प्रकाशरेषा आणणारा. हे कळताच डॉक्टरांनी इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या तिथल्या तिथे बंद केल्या, कारण अशा मायग्रेनमध्ये त्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. तांबी बसवायची तर माझी पाळी मुळातच अंगावरून जास्त जाणारी. मग रोजचं तापमान आणि योनीतला स्राव पाहून गर्भ राहू शकणारे धोक्याचे दिवस ओळखायची ही पद्धत एका प्रशिक्षित बाईंकडून शिकले. आता वर्ष होत आलं.

सकाळी जाग आली की उठण्याआधी, पाणीसुद्धा न पिता, जिभेखाली थर्मामीटर. दोन दशांशांपर्यंत आकडा दाखवणारा घ्या. बीज बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉनमुळे तापमान किंचित चढतं. माझं 97.4 च्या आसपास रेंगाळतं आणि मग 97.9 च्या घरात जातं. आधीच्या सहा दिवसांपेक्षा वरच्या सलग तीन नोंदी मिळाल्या आणि स्राव ओसरूनही तीन दिवस झाले, की उरलेले दिवस मोकळे.

पण तापमान सगळं घडून गेल्यावर सांगतं. आधी सावध करतो तो स्राव : अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, दोन बोटांत ताणला तरी न तुटणारा. तशा स्रावात शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत तग धरतात. बीज मात्र जेमतेम एक दिवस. आमच्याकडे पांढरं जातंय म्हटलं की अशक्तपणा समजून टॉनिक सुरू. शरीर दर महिन्याला इतकं स्पष्ट सांगत असताना ते वाचायला आम्हाला कुणी शिकवलं नाही, याचा मला खरंच राग येतो.

जागरण, ताप, रात्रपाळी यांनी आकडा बिघडतो. नणंदेच्या मंगळागौरीला रात्रभर जागलो, त्या सकाळची नोंद धरलीच नाही. शंका असली की तो दिवस धोक्याचा मानायचा.

2007 साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात 900 स्त्रिया होत्या. नियम पाळून धोक्याच्या दिवसांत संबंध टाळणाऱ्यांमध्ये वर्षाला 100 मागे 0.4 गर्भधारणा झाल्या, सगळ्या स्त्रिया धरून 1.8. हे आकडे दोन्ही खुणा पाहणाऱ्यांचे आहेत. मागच्या पाळ्यांवरून पुढची तारीख सांगणाऱ्या कॅलेंडर अ‍ॅपला ते लावू नका.

आमच्याकडे आलेख नवरा भरतो. मी आकडा सांगते, तो ठिपका मांडतो, त्यामुळे आज काय आहे हे त्याला विचारावं लागत नाही. धोक्याच्या दिवसांत आम्ही निरोध वापरतो, म्हणजे तेव्हा भरवसा निरोधाचाच. गोळ्या बंद केल्यावर पहिल्या काही पाळ्या तर पूर्णवेळ तोच वापरला.

बाळंतपणानंतर अंगावर पाजत असाल किंवा पाळी फार अनियमित असेल, तर शिकवणारं माणूस सोबत असल्याशिवाय यात पडू नका. लैंगिक संसर्गापासून ही पद्धत वाचवत नाही. आणि नवरा त्या दिवसांत थांबायला किंवा निरोध वापरायला तयार नसेल, तर ही पद्धत घेऊच नका. तांबीबद्दल किंवा सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या हार्मोनविरहित छाया गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा.