एकाच क्लबात राहायचं की दर मोसमाला नवा संघ घ्यायचा?

फुटबॉल प्रशिक्षकाचं सी लायसन्स, म्हणजे सुरुवातीच्या पातळीचा परवाना, झालेलं असतं, स्थानिक लीगमध्ये दोन-तीन मोसम संघ सांभाळून झालेले असतात आणि मग साधारण एकाच सुमारास दोन प्रस्ताव येतात. एक क्लब म्हणतो, आमच्याकडेच राहा, पगार बेताचा आहे, पण वरिष्ठ संघ आणि अठरा वर्षांखालची पोरं दोन्ही तुमच्या हातात. दुसरा म्हणतो, एका मोसमाचा करार, पैसे चांगले, निकाल आले तर पुढचं बघू. मी आधी दुसऱ्या वाटेने गेलो आणि नंतर पहिलीवर स्थिरावलो. त्यामुळे माझा कल कुठे असणार हे उघड आहे. तरी फिरतीच्या वाटेने मलाही पुष्कळ दिलं, तेव्हा तिची बाजू कमी करून सांगणार नाही.

या विषयावर बोलताना फर्ग्युसन आणि अँचेलोत्ती या दोन परदेशी प्रशिक्षकांची नावं हटकून निघतात. एक १९८६ ते २०१३ मँचेस्टर युनायटेडमध्येच राहिला, दुसऱ्याने युरोपातल्या पाचही मोठ्या लीग वेगवेगळ्या क्लबांसोबत जिंकल्या. उदाहरणं मोठी आहेत, पण आपल्या परिस्थितीला फारशी लागू होत नाहीत. मला आर्मांदो कुलासो आणि खालिद जमील हे आपले भारतीय प्रशिक्षक जास्त जवळचे वाटतात. एक गोव्याचे, दुसऱ्याची प्रशिक्षक म्हणून सुरुवात मुंबईत.

कुलासोंच्या धेंपो या गोव्याच्या क्लबाने २००४-०५ ते २०११-१२ या काळात राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलं, दोनदा नॅशनल फुटबॉल लीग आणि तीनदा तिच्या जागी आलेली आय-लीग. २००८ मध्ये हा संघ आशियाई क्लबांच्या एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. पण प्रशिक्षक म्हणून मी पाहतो ते वेगळं. समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही मंडळी वर्षानुवर्षं एकाच ड्रेसिंग रूममध्ये होती. मागे चेंडू कुणाकडे आला की पुढे कोण कुठे धावणार, हे त्या संघात कुणाला ओरडून सांगावं लागत नसे. यातल्याच मिरांडांच्या मार्गदर्शनाखाली २०२३ मध्ये ओडिशा एफसीने सुपर कप जिंकला, गवळी राष्ट्रीय संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. एका माणसाच्या हाताखाली खेळाडू इतकी वर्षं राहिले की त्यांच्यातूनही पुढे प्रशिक्षक निघतात, असं मला वाटतं. ठामपणे सिद्ध करता येणार नाही, पण वाटतं.

आता दुसरी बाजू. धेंपोबाहेर कुलासोंना तितका वेळ कुठेच मिळाला नाही. २०११ मध्ये राष्ट्रीय संघ काही महिनेच त्यांच्याकडे होता. पुढे ईस्ट बंगालला त्यांनी कोलकाता लीग जिंकून दिली, आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेलं आणि तरीही २०१५ च्या सुरुवातीला, मोसम अर्ध्यावर असताना ते बाहेर पडले. एका घरात मुरलेल्या माणसाला दुसऱ्या घराच्या रीती जड जातात, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

खालिद जमील यांचं नाव फिरतीच्या वाटेचे समर्थक नेहमी घेतात. मिझोरामच्या आयझॉल क्लबाला २०१६-१७ ची आय-लीग जिंकून दिली, तीही असा संघ घेऊन जो आदल्या मोसमात खालच्या विभागात घसरला होता आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यावर परत घेतला गेला. मग ईस्ट बंगाल, मोहन बागान, नॉर्थईस्ट युनायटेड, जमशेदपूर. २०२१ मध्ये ते इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएलमधले पहिले पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या संघाचे. वाचताना वाटतं, हाक आली की निघायचं, हेच बरोबर.

पण आयझॉलच्या आधीचं पान उलटून पाहा. २००९ ते २०१६, सात वर्षं ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. मोठा करंडक एकही नाही. लहान बजेट, हक्काच्या मैदानाची वानवा, बरेच सामने पुण्यात बालेवाडीला. दरवर्षी एकच काम, संघ वरच्या लीगमध्ये टिकवायचा, आणि तो त्यांनी टिकवला. ते गेल्यानंतरच्या पहिल्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेली आणि खाली घसरली. कमी पैशांत, नाव नसलेल्या खेळाडूंकडून चिवट संघ कसा उभा करायचा हे जमील सात वर्षं एकाच ठिकाणी करत राहिले आणि मग तेच आयझॉलमध्ये उपयोगी पडलं. फिरतीचं म्हणून जे उदाहरण दिलं जातं, त्याचा पाया एका जागी राहण्यात आहे. माझ्या मते हा मुद्दा या चर्चेत जितका यायला हवा तितका येत नाही.

फिरतीचे फायदे खरे आहेत. मुंबईत एका कंपनीच्या संघासोबत होतो तेव्हा कळलं की दिवसभर नोकरी करून संध्याकाळी येणाऱ्या तिशीतल्या खेळाडूकडून काय मागायचं आणि काय नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेच्या मानाची मॅच असते तेव्हा गॅलरीतला प्रत्येक जण प्रशिक्षक असतो. तिथे नव्वद मिनिटं डोकं शांत ठेवता आलं तर पुढे कुठेही ठेवता येतं. पगारही हलल्याशिवाय वाढत नाही. लग्न व्हायचं असेल, वय तिशीच्या आत असेल, तर ही वाट निवडणाऱ्याला मी अडवणार नाही.

मला ती सोडायला लावली एका गोष्टीने: फिरतीत दुसरं वर्ष येतच नाही. पहिलं वर्ष पोरांना ओळखण्यात जातं. कोण ओरडल्यावर खेळतो, कोण ओरडल्यावर मिटतो, कुणाचा गुडघा दुखतो आणि तो सांगत नाही, हे कळेपर्यंत लीग निम्मी संपते. प्रशिक्षण म्हणावं असं काम त्यानंतर सुरू होतं आणि तेवढ्यात करार संपतो. तुमचाही आणि निम्म्या संघाचाही.

माझ्याकडे एक लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू, होता. मनगटाएवढ्या पायांचा, पण वेगवान आणि धीट. त्याची एकच खोड. चेंडू घेताना अंग कायम टचलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेकडे, वळलेलं, आतलं मैदान दिसायचंच नाही. दाब आला की चेंडू बाहेर नाहीतर समोरच्याच्या पायात. अशी सवय दहा सरावांत जात नाही. रोज थोडं थोडं, चेंडू येण्याआधी खांद्यावरून मागे बघायला लावणं, घेताना कंबर आतल्या मैदानाकडे वळवलेली ठेवायला लावणं, असं महिनोन् महिने चालतं. मोसमाच्या शेवटी शेवटी त्याला ते जमू लागलं होतं. मग संघ फुटला, तो एकीकडे गेला, मी दुसरीकडे. पुढच्या मोसमात तो समोरच्या संघात होता आणि अंग पुन्हा टचलाइनकडेच. तिथे कुणी त्याला ते सांगत नव्हतं. मी माझ्या विंगरला, उजव्या कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूला, बाजूला घेतलं आणि म्हणालो, तो घेताना बाहेर वळतो, आतून जाऊन दाब. विंगरने तेच केलं आणि आमचा गोल तिथूनच आला. माझं कामच होतं ते. पण ज्या पोराची चूक मी सुधारायला घेतली होती, तिच्यावरच मला सामना जिंकायचा होता, हे मला सहन झालं नाही. आजही होत नाही.

एका जागी राहिल्यावर हे बदललं. आता जी मुलं वरिष्ठ संघात खेळतात त्यातली काही माझ्याकडे अर्ध्या चड्डीत आली होती. सरावात मी बोलतो कमी, ती एकमेकांना सांगतात जास्त. दुसऱ्या वर्षी संघ मला बरा वाटला, तिसऱ्या वर्षी माझा वाटू लागला. हे आकड्यांत मांडता येणार नाही, पण मैदानाच्या कडेला उभं राहिलं की दिसतं.

मात्र या वाटेचा धोका मोठा आहे आणि तो तुमच्या हातात नसतो. आपल्याकडे क्लब बंद पडतात. डेरिक परेरांच्या मार्गदर्शनाखाली महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, परेरांचाच पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला. ते दोन्ही क्लब आज नाहीत. खुद्द धेंपोने २०१६ मध्ये आय-लीग सोडली आणि २०२४ मध्ये परतला. २०२५-२६ चा आयएसएल मोसम वेळेवर सुरूच झाला नाही, काही क्लबांनी पहिल्या संघाचं काम थांबवलं. एकाच क्लबावर सगळी उमेद ठेवणाऱ्याने हे विसरू नये. शिवाय कमिटीतली माणसं बदलली की आदल्या कमिटीने दिलेला शब्दही बदलतो.

म्हणून क्लबाला विचारताना पगाराआधी दोन गोष्टी विचारा. खालच्या वयोगटाचा सराव कोण ठरवणार? आणि मोसम संपल्यावर किती खेळाडू ठेवायचे, हे सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे का? दोन्हींची उत्तरं तुमच्या बाजूने असली आणि करार दोन वर्षांचा असला, तर मी तरी पाच-दहा हजार कमी घेऊन तिथेच राहीन. उत्तरं गुळमुळीत असली तर तो क्लब नावापुरताच एका जागचा आहे. तिथेही दरवर्षी नवाच संघ हाती येणार, मग जास्त पैसे देणारा दुसरा प्रस्ताव घेतलेला बरा. फक्त तिथेही, सही करण्याआधी, दुसऱ्या वर्षाबद्दल एक ओळ करारात लिहून मागा.