जुन्या सीएनसीला रास्पबेरी पाय 3: आठ महिन्यांनंतर

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. सीएनसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणारं कटिंगचं मशीन, जुनं, पण साइज अजून पकडतं. प्रोग्राम आत घालायला मात्र त्याला पंचवीस पिनांचा आरएस-232 (जुना सिरियल) पोर्ट सोडून दुसरी वाट नाही. सिरियल पोर्टवाला पीसी बंद पडला, तेव्हा त्याच्या जागी रास्पबेरी पाय 3 मॉडेल बी हा एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर बसवला.

वायरिंगचं आधी सांगतो, कारण त्यात माझा एक बोर्ड गेलाय. पायच्या पिना 3.3 व्होल्टच्या, मशीनची लाइन अधिक-उणे 12 च्या आसपास. थेट जोडलं की बोर्ड संपला. मध्ये व्होल्टेज जुळवणारी मॅक्स3232 चिप हवीच, आणि तिलाही सप्लाय 3.3 चाच द्यायचा. 8 नंबरची पिन टीएक्स (पाठवायची), 10 आरएक्स (घ्यायची), 6 ग्राउंड. मशीनला हात लावायच्या आधी 8 आणि 10 जंपरने जोडून बघा. पाठवलेलं अक्षर परत आलं तर पाय ठीक आहे.

पायच्या सेटिंगमध्ये, म्हणजे रास्पी-कॉन्फिगमध्ये, सिरियलवरचं लॉगिन बंद केलं, हार्डवेअर चालू केलं, तरी मशीनच्या कंट्रोलवर पॅरिटीचा (अक्षर नीट आलं का ते तपासणाऱ्या जादा बिटचा) अलार्म. दोन रात्री त्यात गेल्या. आमच्या मशीनला 7 बिट, इव्हन पॅरिटी, 2 स्टॉप बिट लागतात. पाय 3 वर पूर्ण क्षमतेचा यूआर्ट (सिरियल डेटा पाठवणारा-घेणारा भाग) ब्लूटूथला दिलेला असतो. पिनांवर येतो तो मिनी यूआर्ट, आणि त्याच्यात पॅरिटीची सोयच नाही! मग पाठवायच्या पायथन स्क्रिप्टमध्ये इव्हन लिहून काय उपयोग? कॉन्फिग फाइलमध्ये डिसेबल-बीटीचा ओव्हरले (ब्लूटूथ बंद करून पूर्ण यूआर्ट पिनांवर आणणारी ओळ) टाकला, रीबूट केलं, आणि स्क्रीनवर ओळी सरकायला लागल्या. आमचा गोकाकचा ऑपरेटर ओरडला, "बंतु, मालक, बंतु!" (कन्नडमध्ये 'आलं'.)

मोठा प्रोग्राम असेल तर एक्सऑन-एक्सऑफ चालू ठेवा. मशीनचा बफर (आलेल्या ओळींची तात्पुरती जागा) भरला की ते 'थांब' म्हणतं. ते ऐकलं नाही तर मधल्या ओळी गळतात, आणि टूल कुठं घुसेल ते सांगता येत नाही.

कामाला पाय 3 मला पसंत आहे, एका गोष्टीला सोडून. करंट अचानक गेला की एसडी कार्ड बिघडू शकतं. आमचं दोनदा बिघडलं. आता ओव्हरले फाइल सिस्टिम चालू केलीय, कार्डावर काही लिहिलंच जात नाही. कास्टिंगच्या भुकटीपासून जपायला बोर्ड झाकणाच्या डब्यात ठेवलाय, आणि तयार दुसरं कार्ड झाकणाच्या आत चिकटवलंय.