नडगीचं दुखणं आणि सात महिन्यांचे घरगुती उपाय : काय कामाला आलं, कशात पैसे गेले

दिवाळीला दहा दिवस घरी गेले, फराळ हाणला, आणि परत आल्या आल्या अकॅडमीत रोजचं तीन किलोमीटर थेट सहावर गेलं. ग्राऊंड ओलं होतं म्हणून पळायचं कॅनॉलच्या डांबरी रस्त्यावर. आठव्या दिवशी डाव्या नडगीच्या आतल्या कडेला कळ यायला लागली. सुरुवातीला पळायला लागलं की दुखायचं, अंग गरम झालं की थांबायचं. मला वाटलं, गेलं. दोन आठवड्यांनी खोलीचा जिना उतरतानाही ठणका लागायला लागला.

मी पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत काढलं तर पूर्ण २० गुण मिळतात, त्यापुढे ते उतरत जातात. माझं तेव्हा तीन मिनिटं पाच सेकंद बसत होतं. अशा वेळी ‘विश्रांती घे’ म्हणणारा माणूस शत्रू वाटतो. म्हणून विश्रांती सोडून बाकी सगळं करून पाहिलं. सात महिन्यांचा हा हिशेब त्याचाच आहे.

पहिली खरेदी पोटरीवर चढवायच्या स्लीव्हची. जोडी ३५० रुपयांना, अकॅडमीतल्या निम्म्या मुलींकडे होती. घातल्यावर पाय आवळून धरल्यासारखा वाटतो, ऊब राहते, आपण काहीतरी करतोय असं मनाला वाटतं. दुखणं मात्र काढल्यावर तिथंच. घ्यायचीच असेल तर शिंप्याच्या टेपने पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजून घ्या, मी अंदाजाने मीडियम घेतली आणि वरच्या कडेचा वळ संध्याकाळपर्यंत जात नव्हता. एप्रिलमध्ये घामाने पुरळ आलं, मेपर्यंत इलॅस्टिक सैल झालं. दुसरी जोडी घेतली नाही.

बाम आणि स्प्रेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वास छान येतो.

बर्फाचा उपयोग झाला, पण जेल पॅकवर पैसे घालवू नका. पाण्याची अर्धा लिटरची बाटली फ्रीजरमध्ये गोठवायची, पातळ कापडात गुंडाळून पळून आल्यावर १५ मिनिटं नडगीवर फिरवायची. ठणका उतरतो, रात्री झोप लागते. बरं करणं हे त्याचं काम नाही, दुसऱ्या दिवशी तेवढंच पळलात तर तेवढंच दुखणार.

लाटण्याची गोष्ट सांगायलाच हवी. स्नायू मोकळे करायला पायावर फिरवायचा फोमचा रूळ, म्हणजे फोम रोलर, महाग म्हणून एका व्हिडिओत बघून मी लाटणं वापरायला लागले, आणि तेही जिथं दुखतं तिथंच, म्हणजे सरळ हाडाच्या कडेवर. दोन आठवडे रोज. आई भेटायला आली, बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, पाय आहे का पोळी?” हाडावर आधीच ताण आलाय आणि आपण त्यालाच रगडतोय, हे मला तोवर सुचलं नव्हतं. पोटरीच्या मांसावर हलक्या हाताने लाटणं फिरवलं तर मोकळं वाटतं. हाडावर नाही.

शेवटी डिसेंबरमध्ये हाडांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी आधी एकच गोष्ट करायला सांगितली, एका बोटाने दाखव कुठं दुखतं. मला दाखवता येईना. मी तळहात फिरवून चार-पाच बोटांची पट्टी दाखवली, नडगीच्या खालच्या भागात, आतल्या कडेने. ते म्हणाले, मग बरं आहे. असं पसरलेलं दुखणं म्हणजे शिन स्प्लिंट. धावण्याचा भार एकदम वाढला की हाडाला आणि त्याला चिकटलेल्या स्नायूंना सावरायला वेळ मिळत नाही. एकाच टोकावर बोट ठेवल्यावर जीव जातो, रात्री पडल्या पडल्याही दुखतं, एका पायावर उडी मारवत नाही, असं असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते आणि तिथं घरगुती उपाय थांबवायचे. सुरुवातीच्या आठवड्यांत ती चीर साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे क्लीन आहे’ म्हणून पळत सुटू नका.

हे इतकं लांबण लावून लिहितेय कारण माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचं तेच झालं. वजन कमी करायचं म्हणून ती मेसचं एकवेळचंच जेवायची, तीन महिने पाळी आली नव्हती, आणि नडगीवर एका जागी बोट लावू देत नव्हती. तरी पट्टी बांधून पळाली. एमआरआयमध्ये चीर निघाली, दोन महिने ग्राऊंड बंद. पोट भरत नाही आणि पाळी थांबते तेव्हा हाडंही कमजोर होतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. अकॅडमीत आमच्या वजनाची वही ठेवतात, जेवणाचं कुणी विचारत नाही.

आता खऱ्या उपायाकडे. तो फुकट आहे, कदाचित म्हणूनच मी तो सगळ्यात शेवटी केला. जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहायचं, कठड्याला हात, टाच सावकाश वर आणि त्याहून सावकाश खाली. १५-१५ चे तीन सेट गुडघा सरळ ठेवून, मग तेवढेच गुडघा थोडा वाकवून. वाकवलेल्या गुडघ्याचा सेट कंटाळवाणा आहे, पण तो टाळू नका. पोटरीच्या आत खोल सोलियस नावाचा स्नायू असतो, गुडघा वाकवला की काम त्याच्यावर येतं आणि पळताना पायाचा बराच भार तोच उचलतो. पहिल्या दिवशी एका पायावर मोजून पाहिलं, उजव्यावर २४ झाले, डाव्यावर ११ ला पाय थरथरायला लागला. एवढा फरक आपल्याच दोन पायांत असेल असं वाटलं नव्हतं. जोडीला भिंतीला पाठ टेकवून, टाचा फूटभर पुढे ठेवून चवडे उचलायचे, नडगीच्या पुढचा स्नायू पेटतो.

दिवसाआड केलं. डाव्या पायाला २५ यायला दहा आठवडे लागले. नंतर सॅकमध्ये पाच लिटरचा पाण्याचा कॅन टाकून. खोलीमालकीण काकू विचारायच्या, जिन्यात काय डोलत असतेस गं?

या काळात तीन आठवडे पळणं पूर्ण बंद, दम टिकवायला सायकल, आणि सुट्टीत गावी गेले की विहिरीत पोहणं. मग चार मिनिटं चाल, एक मिनिट पळ, मातीवरच. दुखणं दहापैकी दोन-तीनच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नको, एवढाच नियम पाळला. पेनकिलर घेऊन पळाले असते तर हे कळलंच नसतं.

बुटांचा दोष माझाच. जुने बूट टेबलावर ठेवून मागून पाहिले तर टाच एका बाजूला कललेली. १४ महिन्यांत हजार किलोमीटरच्या वर झाले होते, पळायचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये बदलावेत असं म्हणतात. नवे घेतल्यावर फरक जाणवला, पण तो बुटांचा की तोवर झालेल्या सहा आठवड्यांच्या व्यायामाचा, हे सांगणं कठीण. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो आणि मी रोज एकाच बाजूने पळायचे, तेही बदललं. पावलं छोटी केली. मोबाईलवर अर्धा मिनिट लावून उजवा पाय मोजायचा, ३९ वेळा टेकायचा तो आता ४२ वेळा टेकतो. पाय लांब फेकून टाच आपटणं कमी झालं.

सध्याची स्थिती अशी. मागच्या शनिवारच्या ट्रायलला ८०० मीटर २ मिनिटं ५४ सेकंद. पाऊस सुरू झालाय, ग्राऊंडचा चिखल झालाय, त्यामुळे आठवड्यातून दोनदा पुन्हा कॅनॉलचा रस्ता. डांबरीवरून आल्यावर दुसऱ्या सकाळी डावी नडगी थोडी बोलते, दुपारपर्यंत गप्प होते. वाढली तर एक दिवस सायकल. सर विचारतात, आज का नाही आलीस? खरं ते सांगते. ते तोंड वाकडं करतात.